बर्फ उलटा कुणी चालवला?

खडकी, पुणे
९ सप्टेंबर २०२४

डॉ. ऋचा आगाशे यांस,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकाल. तुमचा फोन नंबर आहे माझ्याकडे. पण फोनवर तुम्ही ‘काका, काका’ म्हणून मला गप्प कराल, आणि मी होईनही. कागदावर मला कुणी मधेच तोडू शकत नाही.

मी बुद्धभूषण ओव्हाळ. भूशास्त्र विभागाच्या काप-खोलीत चौतीस वर्षं दगड कापले. तुमच्या पीएच.डी.चे सगळे काप माझ्या हातचे. देहरादूनला एवढ्या मोठ्या जागेवर बसून विसरला असाल तर आठवण म्हणून लिहिलं.

माझी मुलगी अक्षता कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. परवा तिनं एक छापील पान आणलं. तुमचे गाइड देवल सर यांच्या आणि तुमच्या २००० सालच्या पेपरला तुम्ही दोघांनी जोडलेली दुरुस्ती. इंग्रजी वाक्य तिनं दोनदा वाचून दाखवलं. मराठीत ते असं होतं: ‘काप तयार करताना तांत्रिक कर्मचाऱ्याच्या हातून दिशेची खूण उलटी झाली, त्यामुळे बर्फ सरकण्याची दिशा चुकीची नोंदली गेली.’

नाव कुठं घेतलंय, असं म्हणाल. बरोबर. पण मूळ पेपरच्या शेवटी आभार आहेत आणि तिथं एकच नाव आहे: कापांसाठी श्री. बी. ओव्हाळ. जन्मात एकदा माझं नाव छापून आलं. आता ते चोर ओळखायच्या कामी येतंय.

अक्षता म्हणाली, “बाबा, एका बाणानं एवढं काय होतं?” तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. तीस कोटी वर्षांपूर्वी चंद्रपूरकडच्या त्या मुलखावर बर्फाची जाड चादर होती. तिच्याखाली चिखल, वाळू, गोटे. बर्फ चालू लागला की खालच्या चिखलालाही ओढतो. चिखल पाण्यानं भिजलेला, वरून डोंगराएवढं ओझं, पाण्याला पळायला वाट नाही. मग तो कणकेसारखा मऊ होऊन ताणला जातो. त्यात अडकलेला खडा गरगर फिरतो, बारीक माती त्याच्याभोवती गुंडाळली जाते आणि एका बाजूला तिची शेपटी सुटते. वाळूचा कण दाबानं फुटतो आणि त्याचे तुकडे ओळीत लागतात. पुढं त्या चिखलाचा दगड होतो आणि हे सगळं तसंच्या तसं आत राहतं. केसापेक्षा पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली धरला की शेपट्या दिसतात. बर्फ कुठून कुठं गेला ते त्यांच्यावरून कळतं. पण दगड जागेवरून काढण्याआधी त्यावर रंगवलेला उत्तरेचा बाण खरा असेल तरच. बाण उलटा, तर बर्फ उलटा.

तो बाण दगडावरून काचेवर आणायचं काम माझं. दगड ठिसूळ असेल तर आधी त्याला घट्ट करणारं रेझिन पाजायचं. मग काचेच्या कोपऱ्याला खाच पाडायची, खाच म्हणजे उत्तर. खाच पडल्याशिवाय मी दगड काचेला चिकटवला नाही. एकदाही नाही. खाच पाडताना चहा आला तर चहा गार व्हायचा.

गेल्या आठवड्यात निवृत्तांच्या चहाला स्टोअरमधले ज्ञानदेव सगळ्यांसमोर म्हणाले, “काय ओव्हाळ, बर्फ उलटा चालवलात म्हणे!” सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही. नोव्हेंबरात विभागात नव्या तंत्रज्ञांना काप शिकवायला मला बोलावलं होतं, दोन आठवडे. त्याचंही पत्र आलं, ‘काही कारणास्तव’ पुढं ढकललं आहे. कारण कुठलं, ते कळायला पीएच.डी. लागत नाही.

मला तीन गोष्टी कळवा. कुठल्या नंबरच्या स्लाइडवर खूण उलटी आहे? ती कुणी तपासली? आणि माझी चूक आहे हे कशावरून ठरलं?

आपला,
बुद्धभूषण ओव्हाळ


देहरादून
२३ सप्टेंबर २०२४

ती. ओव्हाळ काका,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. तुम्हाला दुखवायचा आमचा हेतू नव्हता, हे आधी सांगते. दुरुस्तीत कुणाचंच नाव नाही आणि अशा दुरुस्त्या नेहमीच येत असतात. चार तज्ज्ञ सोडले तर कुणी त्या वाचतही नाही.

झालं असं की आमोद नावाच्या एका तरुण संशोधकानं आमचे नमुने जिथले होते त्याच ओढ्यातून नवे नमुने घेतले. त्याच्या कापांत शेपट्या नेमक्या उलट्या दिशेला निघाल्या. आमच्या पेपरप्रमाणे बर्फ पूर्वेकडून पश्चिमेला गेला होता, त्याच्याप्रमाणे पश्चिमेकडून पूर्वेला. खालच्या खडकावर बर्फानं ओढलेल्या चऱ्याही त्याच्याच बाजूनं बोलतात. जर्नलनं आमच्याकडे खुलासा मागितला. पंचवीस वर्षांनी नेमकं काय झालं ते कोण सांगणार? फील्डवहीत सगळं रीतसर लिहिलेलं आहे. तेव्हा उरली ती कापाची पायरी. त्यावरून तसं लिहिलं गेलं.

काका, देवल सर चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांची तब्येत बरी नसते. हा विषय आता वाढवू नये असं मला मनापासून वाटतं. तुमच्या कामाबद्दल मला किती आदर आहे ते तुम्ही जाणता. पुढच्या वर्षी इथे आमची एक परिषद आहे, त्यात तुमचा छोटासा सत्कार करावा असं मनात आहे. याल ना?

काकूंना नमस्कार.

आपली,
ऋचा


खडकी, पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

ऋचाताई,
सप्रेम जयभीम.

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. नमस्कार पोचवू शकत नाही.

सत्काराचं म्हणाल, तर आधी थोबाडीत मारायची आणि मग नारळ द्यायचा, ही पद्धत मला ठाऊक आहे. तो नारळ तिकडेच वाढवा.

‘लिहिलं गेलं’ म्हणजे काय? पाऊस पडतो तसं वाक्य पडतं का? कुणीतरी पेन धरलंच असेल.

तुम्ही माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत, म्हणून मीच शोधलं. माझ्या खुर्चीवर आता समाधान आहे. भला माणूस आहे, कपाटं त्यानं जपलीत. आम्ही दोघांनी तीन दिवस पेट्या उपसल्या. तुम्हाला माहीत नसेल, पण कापून उरलेला दगड मी कधी फेकत नसे. स्लाइड फुटली तर परत काप काढता यावा म्हणून नंबर घालून ठेवत असे. तुमच्या ओढ्याचे तिन्ही दगड सापडले. तिन्ही स्लाइडही सापडल्या. स्लाइड दगडाच्या कापलेल्या तोंडावर ठेवली की आतला खडा खड्यावर बसतो, चुकायची सोय नाही. तिन्ही ठिकाणी काचेवरची खाच आणि दगडावरचा बाण एकाच दिशेला आहेत. समाधाननं फोटो काढले. पत्रासोबत पाठवतो.

म्हणजे माझ्या खोलीत बर्फ उलटला नाही. तो माझ्याकडे आला तोच उलटा होऊन.

दुसरा फोटो नीट बघा. बाण आधी काढायचा, मग हातोडा मारायचा, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतात. या दगडावर बाणाचा पिवळा रंग फुटलेल्या कडेवरून खाली ओघळलाय. दगड निघाल्याशिवाय ती कड उघडी पडतच नाही. म्हणजे हा बाण दगड काढल्यानंतर रंगवलाय. अंदाजानं.

मला काय वाटतं ते स्पष्ट लिहितो. हे सरांचं काम आहे. त्यांना कायम घाई असायची. तुम्ही तेव्हा चोवीस वर्षांच्या होतात, त्यांच्यापुढं काय बोलणार? तुमची पदवी त्यांच्या हातात. ते लेकराला कळतं, मलाही कळतं. तुमच्यावर माझा राग नाही. पण आता तुम्ही पन्नाशीच्या आहात आणि तुमची पदवी कुणी काढून घेणार नाही. खरं काय ते लिहा. सरांना वाईट वाटेल म्हणून मी दोषी ठरावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आपला,
बुद्धभूषण ओव्हाळ


देहरादून
२९ ऑक्टोबर २०२४

ती. काका,
सादर नमस्कार.

काकूंचं मला कळलं नव्हतं. क्षमा करा.

फोटो पाहिले. इतक्या वर्षांत रंग पसरू शकतो, दगडाची कडही नंतर फुटू शकते. एवढ्यावरून निष्कर्ष काढणं बरोबर होणार नाही. हात जोडून विनंती करते, हे फोटो जर्नलकडे किंवा आमोदकडे पाठवू नका. आणि सरांकडे जाऊ नका. त्यांना हा ताण सोसणार नाही. मी दिवाळीनंतर पुण्याला येईन तेव्हा आपण समोरासमोर बोलू.

आपली,
ऋचा


खडकी, पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

डॉ. ऋचा आगाशे यांस,
जयभीम.

जाऊ नका म्हणालात, म्हणून गेलो.

सर आता धायरीला मुलाच्या फ्लॅटवर असतात. आठवा मजला. दार सुनेनं उघडलं. सर बाल्कनीत पेपर वाचत बसले होते, तब्येत माझ्यापेक्षा बरी. चष्म्यावरून बघून म्हणाले, “काय ओव्हाळ, वाट चुकलात?”

मी म्हटलं, “मी नाही, सर. बर्फ चुकला म्हणे.”

त्यांनी पेपराची घडी घातली. मी तिसऱ्या नंबरचा दगड पिशवीतून काढून त्यांच्यापुढं टीपॉयवर ठेवला, शेजारी स्लाइड ठेवली. त्यांनी दोन्ही हातात घेतलं, भिंग मागवलं आणि पाच मिनिटं बघत बसले. दगडातलं त्यांना कळतं, ते मी नाकारत नाही. मग म्हणाले, “खाच बरोबर आहे.”

“मग बाण कुणी काढला?”

“मला काय विचारता? मी त्या दिवशी ओढ्यावर नव्हतोच. ताप होता. रेस्ट हाउसवर पडून होतो. नमुने ऋचानं आणले.”

सून चहा ठेवून गेली.

“आणि दुरुस्तीतलं ते वाक्य, सर?”

“तेही तिनंच पाठवलं. मी एक स्वल्पविराम घातला.”

“तुम्ही तिला विचारलं नाहीत, ओव्हाळची चूक कशावरून?”

यावर ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. “अहो, कुणावर तरी घालावीच लागते. ती अजून नोकरीत आहे. माझा तो शेवटचा पेपर. तुम्ही निवृत्त झालेले, पेन्शन चालू आहे. तुमचं काय जाणार होतं?”

मी म्हटलं, “पेन्शन तुमचीही चालूच आहे, सर.”

चहा तसाच ठेवून निघालो. लिफ्टसाठी थांबलो नाही, आठ मजले उतरलो. गुडघे दोन दिवस दुखत होते, पण थांबलो असतो तर सर दारापर्यंत पोचवायला आले असते आणि मला ते नको होतं.

बाई, मी तुम्हाला तुमची बाजू घेऊन लिहिलं. चोवीस वर्षांची पोर म्हणून तुमची कीव केली. ते पत्र हातात धरून तुम्ही मला उत्तर लिहिलंत की रंग पसरू शकतो! सरांकडे जाऊ नका म्हणालात ते सरांच्या तब्येतीसाठी नव्हतं.

माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथं काही बिघडलं की आधी हातानं काम करणाराला बोलवायचे, मग नकाशा काढणाराला. ते मला म्हणायचे, तू शिक, म्हणजे तुला आधी बोलावणार नाहीत. मी शिकलो. बी.एस्सी. झालो. तरी आधी मलाच बोलावलं. बोलावलंसुद्धा नाही, परस्पर निकाल लावला.

दगड, स्लाइड आणि फोटो मी आमोदकडे दिलेत. जर्नलला अजून कळवलेलं नाही. तीस नोव्हेंबरपर्यंत वाट बघेन.

बुद्धभूषण ओव्हाळ


देहरादून
२६ नोव्हेंबर २०२४

ती. काका,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता जे झालं तेवढंच लिहिते.

डिसेंबर १९९८. सरांना ताप होता. मी आणि जीपचे ड्रायव्हर सुखदेव, दोघंच ओढ्यावर गेलो. सुखदेव सारखे म्हणत होते, “ताई, वाघाचा वावर आहे, लवकर आटपा.” मी ओढ्यात उभी राहून पश्चिमेच्या काठावर हातोडा मारत होते. बाण आधी काढायला हवा होता. रंगाचा डबा जीपमध्ये राहिला होता, मी एकटीनं परत जायला घाबरले म्हणून तो आणायला सुखदेवना पाठवलं, पण ते येईपर्यंत थांबले नाही. तीन ढेकळं निघाली ती सरळ पाण्यात पडली. सुखदेव डबा घेऊन आले तोवर मी ती पुसून वाळूवर ठेवली होती. मग बसले आणि आठवून बाण काढले. फोडताना माझं तोंड काठाकडे होतं. बाण काढताना काठाकडे पाठ होती. माझं सगळं डावं-उजवं उलटलं, तिन्ही दगडांवर एकसारखंच. एकाच दगडावर झालं असतं तर कुणाच्याही लक्षात आलं असतं.

रेस्ट हाउसवर येऊन वहीत लिहिलं, ‘बाण जागेवर काढून मग नमुना घेतला.’ चूक तिथं झाली. खोटं बोलणंही तिथंच सुरू झालं.

काप बघून सर हरखले होते. खडकावरच्या चऱ्या एकीकडे आणि वरच्या चिखलातल्या शेपट्या दुसरीकडे, म्हणजे शेवटच्या काळात बर्फानं दिशा बदलली, असं त्यांनी मांडलं. मी एकदा म्हणाले, “सर, परत जाऊन नमुने आणू या का?” ते म्हणाले, “कशाला? शेपट्या किती स्वच्छ आहेत बघ.” खरंच स्वच्छ होत्या, कारण तुम्ही कापल्या होत्या. मी गप्प बसले. मग पदवी, मग नोकरी. त्या पेपरवर पुढं पंधरा जणांनी आपले पेपर रचले. दर वेळी कुणी त्याचं नाव घेतलं की मी विषय बदलायचे, आणि दर वर्षी ते थोडं सोपं जायचं.

आमोदचा पेपर आला तेव्हा मला लगेच कळलं. तरी ते वाक्य लिहिलं. ‘तांत्रिक कर्मचारी’ असं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माणूस आलाच नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा आला, आणि मग मी तुम्हालाही खोटं लिहिलं.

नवी दुरुस्ती लिहिली आहे. सर सही करायला तयार नाहीत, म्हणून ती एकट्या माझ्या नावानं पाठवते आहे. मसुदा सोबत जोडला आहे: ‘नमुने घेताना दिशेचे बाण प्रस्तुत लेखिकेने नमुना काढल्यानंतर, आठवणीने व उलटे काढले. काप तयार करण्याच्या कामात चूक नव्हती.’ इथल्या संचालकांनाही आज सांगितलं. हिमनद्यांच्या नव्या प्रकल्पाचं प्रमुखपद मला मिळणार होतं, ते आता थांबवलं आहे. हे दया यावी म्हणून लिहीत नाही. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते.

माफी मागायचा मला अधिकार आहे की नाही ते माहीत नाही. तरी मागते.

ऋचा


खडकी, पुणे
३ डिसेंबर २०२४

डॉ. ऋचा आगाशे यांस,
जयभीम.

मसुदा वाचला. अपुरा आहे. चूक अंगावर टाकताना आभारातलं माझं नाव पुरेसं झालं. ती काढताना ‘कामात चूक नव्हती’ एवढंच? कुणाच्या कामात? नाव घाला. पूर्ण घाला, ‘बी.’ नको.

बाकीच्या पत्राचं उत्तर आत्ता देत नाही.

बुद्धभूषण ओव्हाळ


देहरादून
१७ जानेवारी २०२५

ती. काका,
सादर नमस्कार.

जर्नलचं म्हणणं होतं की दुरुस्तीत कर्मचाऱ्यांची नावं घालायची पद्धत नाही. मी कळवलं की मग आधीच्या दुरुस्तीत त्यांना दोष द्यायची तरी पद्धत कुठली? तीन पत्रं गेली. अखेर काल छापून आलं. पान सोबत पाठवते. शेवटची ओळ मराठीत: ‘या नमुन्यांचे काप श्री. बुद्धभूषण ओव्हाळ यांनी केले व ते निर्दोष आहेत.’

ऋचा


खडकी, पुणे
१० फेब्रुवारी २०२५

ऋचाताई,
जयभीम.

पान मिळालं. अक्षतानं त्याची मोठी प्रत काढली आणि निवृत्तांच्या चहाला स्वतः घेऊन आली. ज्ञानदेवांच्या हातात दिली आणि म्हणाली, “काका, मोठ्यानं वाचा.” त्यांना इंग्रजी अडखळत वाचावं लागलं, तरी तिनं मधे मदत केली नाही. या वेळी हसलं कुणी नाही. विभागाचं पत्रही पुन्हा आलं, मार्चमध्ये शिकवायला या. मी उत्तर दिलं, आधी ती दुरुस्ती नोटीस बोर्डावर लावा, मग येतो. आठ दिवस विचार करून त्यांनी लावली. काचेच्या आत, कुलूप घालून. मी बघून आलो.

आता तुमच्या पत्राचं.

डोळ्यांसमोर माणूस आलाच नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या पत्रातलं ते सगळ्यात खरं वाक्य आहे आणि सगळ्यात वाईटही. खोटेपणाचा राग मला समजतो, तो उतरतोही. हे वाक्य मात्र मी अजून पुन्हा पुन्हा वाचतोय.

पण तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहायला हवं. रंग फुटलेल्या कडेवर ओघळलाय हे मला पेट्या उपसताना दिसलं, असं मी भासवलं. ते खरं नाही. १९९९ सालीच दिसलं होतं, दगड पहिल्यांदा हातात आला तेव्हा. मी बोललो नाही. त्याच्या आदल्या वर्षी एका दुसऱ्या नमुन्याबद्दल शंका काढली होती, तेव्हा सर चार विद्यार्थ्यांसमोर म्हणाले होते, “ओव्हाळ, बघायचं काम आमचं, कापायचं तुमचं.” मी मनाशी म्हटलं, बरं, मग कापतो. तुमचा दगड बघितला, बाण दिसला, रंग दिसला. खाच पाडली आणि कापला. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर बर्फ पंचवीस वर्षं उलटा चालला नसता. सरांनी मला गप्प केलं हे खरंच, पण त्या दिवशी ते खोलीत नव्हते. खोलीत मी एकटाच होतो. हे मी आमोदलाही सांगितलं, त्यानं लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात तो मला त्या ओढ्यावर घेऊन गेला. चौतीस वर्षांत मला कुणी कधी फील्डला नेलं नव्हतं. महाराष्ट्रभरचे दगड माझ्या टेबलावर आले, मी कुठंच गेलो नाही. एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ती जागा बघितली. ओढ्यात घोटाभर पाणी होतं. पश्चिमेच्या काठावर हिरवट-करडा थर उघडा पडलाय, बटाट्याएवढ्यापासून मडक्याएवढे गोटे त्यात कसेही रुतलेत, कुठला गुलाबी, कुठला काळा, एकाचं गाव दुसऱ्याला ठाऊक नाही. आमोद म्हणाला, “काका, हे सगळे बर्फानं कुठून कुठून ओढत आणलेत.” मी थरावर हात ठेवला. उन्हानं तापला होता. खाली वाकून बघितलं तर एका गोट्याभोवती माती वळलेली नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. एवढी वर्षं मायक्रोस्कोपखाली नखाएवढी बघितली ती शेपटी तिथं वीतभर होती. मी किती वेळ तिथं बसलो मला कळलं नाही. आमोदनं हाक मारली नाही. तुमच्या पिढीत ते जमलं नसतं.

निघताना त्याला आणखी एक नमुना हवा होता. त्यानं होकायंत्र काढलं, उत्तर बघितली आणि रंगाचा ब्रश माझ्या हातात दिला. मी पुन्हा होकायंत्र मागितलं. स्वतः दोनदा बघितलं. मग बाण काढला, तो वाळेपर्यंत थांबायला लावलं आणि मगच हातोडा मारू दिला. तो दगड परवा मी आणि समाधाननं कापला. बर्फ पश्चिमेकडून पूर्वेला गेलाय. तुमच्या तिन्ही दगडांनी सुरुवातीपासून तेच सांगितलं होतं.

पुण्याला याल तेव्हा घरी या. अक्षता चहा करील. माफीचं मात्र विचारू नका. राग अजून गेलेला नाही. गेला की कळवीन.

बुद्धभूषण ओव्हाळ